स्वतंत्र परिचारिकेचा विसावा

परिचारिका म्हटली कीं पांढरा वेष, खिशाला लावलेलें घड्याळ आणि खाटेशेजारीं उभी असलेली शांत मूर्ति, असें चित्र कोणाच्याहि डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत परिचारिकांचा एक निराळाच वर्ग पुढें आला आहे. या वर्गांतील बाई खाटेशेजारीं नसते. ती आपल्या घरांतील टेबलाशीं बसते. तिच्यापुढें रोगी नसून रोग्याचे कागद असतात, आणि महिन्याच्या एक तारखेला तिच्या हातांत वेतन ठेवणारी संस्थाहि नसते. वीस-वीस वर्षें वॉर्डांत काढून जें ज्ञान तिनें मिळविलें, तें आतां ती सल्ल्याच्या रूपानें विकते.

अमेरिकेंत या धंद्याला चांगलेंच स्थैर्य आलें आहे. कायद्याच्या कामीं सल्ला देणाऱ्या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना तेथें १९८९ सालीं स्थापन झाली. उपचारांत हयगय झाली असें एखाद्या कुटुंबाला वाटलें, तर तें वकिलाकडे जातें, आणि वकिलाच्या मेजावर रुग्णालयाच्या कागदांचा ढीग येऊन पडतो. वकील कायदा जाणतो, पण त्या ढिगांतील संक्षेप, औषधांचीं मानें आणि तपासण्यांचे आंकडे हीं त्याला परकीय लिपीसारखीं असतात. तो ढीग परिचारिकेकडे येतो. ती तो लावते, तारखेवार आणि तासावार घटनाक्रम तयार करते, कोठें काय राहून गेलें तें दाखविते, आणि न्यायालयांत साक्ष देण्यास कोणता तज्ज्ञ योग्य ठरेल तेंहि सुचविते.

या कामांतील गोडी बाहेरच्या माणसाला एकदम कळत नाहीं. समजा, शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या कागदांत रात्रीं दोन वाजतां "रोगी शांत झोंपला आहे" अशी नोंद आहे. वकील ती वाचून पुढें जातो. परिचारिका तेथें थांबते, दुसरा कागद उलगडते आणि त्याच रात्रीचे आंकडे पाहते. नाडी दहा वाजतां ८८, बाराला १०४, दोन वाजतां १२२. रक्तदाब दर वेळीं उतरलेला. लघवीचें मान घटत चाललेलें. जिनें अशा रात्री स्वतः काढल्या आहेत तिला हें लगेच समजतें कीं ही झोंप नव्हे, पोटांत कोठें तरी रक्तस्राव चालू आहे. दुसरें एक उदाहरण घ्यावें. खिळून पडलेल्या वृद्धेच्या पाठीला जखमा झाल्या आहेत, आणि कागदांत मात्र दर दोन तासांनीं कूस बदलल्याची नोंद अगदीं चोख आहे. पूर्वीं एवढ्यावरच गोष्ट संपली असती. आतां बहुतेक नोंदी संगणकावर होतात, आणि नोंद कोणत्या क्षणीं केली हें त्या यंत्राच्या पोटांत राहतें. तें मागवून पाहिलें तर रात्रभरच्या सगळ्या नोंदी पहांटे पाळी संपतांना पांच मिनिटांत एकामागून एक लिहिल्या होत्या असें कधीं कधीं निघतें! कोड्यांची आवड असलेल्या मनुष्याला यांत केवढें सुख आहे तें सांगावयास नको.

त्या सुखाला एक कडू बाजूहि आहे. कागदांत जिची चूक सांपडते तीहि परिचारिकाच असते, आणि बारा तासांच्या पाळींत किती रोगी तिच्या वांट्याला आले होते याची कल्पना कागद वाचणारीला पुरेपूर असते. कित्येकदां उलटहि घडतें. सगळे कागद वाचून झाल्यावर उपचारांत कांहींच चुकलें नव्हतें असें दिसतें. मनुष्य गेला तो रोगानें गेला. तसें वकिलाला स्पष्ट सांगणें हा त्या बाईच्या धर्माचा भाग आहे. म्हणूनच तिचें मोल तासावर ठरतें, खटल्याच्या निकालावर नव्हे. निकालावर ज्याचें पोट अवलंबून, त्याच्या सल्ल्याला किंमत ती काय राहणार?

येथपर्यंत सर्व ठीक. अडचण सुरू होते ती संध्याकाळीं.

रुग्णालयांत पाळी संपण्याची एक रीत असते. नवी परिचारिका येते, जुनी तिला प्रत्येक रोग्याची हकीकत सांगते, किल्ल्या हवालीं करते आणि निघते. त्या दहा-पंधरा मिनिटांत केवळ माहिती दिली जाते असें समजणें चुकीचें होईल. ओझें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातें, आणि म्हणूनच पहिलीला घरीं जाऊन झोंप लागते. स्वतंत्र धंदा करणारीला ही रीत नाहीं. तिच्या खुर्चीवर रात्रीं दुसरें कोणी येऊन बसत नाहीं. वॉर्डांत बारा तासांच्या तीन पाळ्या भरल्या कीं आठवडा संपे. येथें आठवडा संपतो केव्हां हेंच कळेनासें होतें. पाळ्यांना कंटाळून जिनें नोकरी सोडली, ती वर्षभरांत रात्रीं अकरा वाजतां शेवटचें पान उलटीत बसलेली आढळते. आणि तिला बोल लावावा असा कोणी वरिष्ठहि नसतो, कारण वरिष्ठ तीच.

पैशाची बाजूहि मनाला स्वस्थता देणारी नाहीं. अमेरिकेंत नोकरी करणाऱ्याचा वृद्धत्वाच्या विम्याचा अर्धा भार मालक उचलतो. स्वतंत्र धंदेवाल्याला दोन्ही हिस्से स्वतःच भरावे लागतात, आणि ते मिळून शेंकडा १५.३ होतात. प्राप्तीवरील कर एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी अशा चार हप्त्यांनीं अदमासानें आधींच भरावयाचा. आजारपणाचा विमा तिचा तिनें पाहावयाचा. एका महिन्यांत तीन वकिलांचे गठ्ठे येतात, आणि पुढचे दोन महिने कोणी विचारीतहि नाहीं. अशा स्थितींत आलेलें काम परत पाठविण्यास मोठें धैर्य लागतें. बहुतेकींचा तोल जातो तो येथें. कामाच्या लोभानें जातो असें लोक म्हणतात, तें खरें नव्हे. उद्यांच्या भीतीनें जातो.

शिवाय या धंद्यांत एक सक्तीचें मौन आहे. रोग्याच्या कागदांची गुप्तता राखण्याविषयीं अमेरिकेंत १९९६ सालीं कायदा झाला, आणि पुढें त्याचे कडक नियम निघाले. दिवसभर जें वाचलें, तें जेवतांना नवऱ्याशीं किंवा मुलांशीं बोलतां येत नाहीं. वॉर्डांत निदान चहाच्या खोलींत मैत्रिणी असत. एखादें मूल दगावलें तर दोघी मिळून डोळे पुसून परत कामाला लागत. घरच्या टेबलाशीं तेंच दुःख कागदावर येतें आणि कागदावरच राहतें.

या धंद्याच्या पूर्वजांत शोध केला तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंपाशीं येऊन थांबावें लागतें. लोकांना त्या ठाऊक असतात त्या हातांत दिवा घेतलेल्या. वस्तुतः क्रिमियाच्या युद्धांतील त्यांची सेवा १८५४ च्या नोव्हेंबरापासून १८५६ च्या उन्हाळ्यापर्यंतची, म्हणजे पुरतीं दोन वर्षेंहि नव्हेत. त्यानंतर त्या चौपन्न वर्षें जगल्या, आणि त्यांतील बहुतेक काळ त्यांनीं केलें तें सल्लागाराचें काम. युद्धापूर्वीं, १८५३ सालीं, लंडनच्या अप्पर हार्ले स्ट्रीटवरील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली, तेव्हांच त्यांची दृष्टि दिसून आली होती. प्रत्येक मजल्यावर नळानें गरम पाणी यावें आणि जेवण वर चढविण्यास यंत्र असावें, अशा त्यांच्या मागण्या होत्या. जिना चढउतार करण्यांत परिचारिकेचे पाय झिजले तर रोग्यापाशीं उभें कोणी राहावयाचें, हा त्यांतील साधा हिशेब.

युद्धावरून परतल्यावर १८५७ मध्यें त्यांची प्रकृति पार ढासळली. क्रिमियांत जडलेला ब्रुसेलोसिस हा चिवट ताप त्याला कारण असावा असें आजच्या कांहीं अभ्यासकांचें मत आहे. कारण कांहींहि असो, पुढील कित्येक वर्षें त्या बहुधा बिछान्यावर किंवा कोचावर पडून काम करीत. रुग्णालयांच्या बांधणीवरील त्यांचें पुस्तक १८५९ चें. लोकवर्गणीच्या निधींतून सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली ती १८६० सालीं. हिंदुस्थानांतील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही मंडळाचें काम १८५९ पासून १८६३ पर्यंत चाललें, आणि त्याच्या अहवालामागें त्यांचेच परिश्रम होते. हिंदुस्थानचा किनारा त्यांनीं कधीं पाहिला नाहीं. पण येथील विहिरी, गटारें आणि खेड्यांची स्वच्छता यांविषयीं त्या कित्येक वर्षें लिहीत राहिल्या, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशींहि त्यांचा पत्रव्यवहार होता. या सल्ल्याबद्दल त्यांनीं मोबदला घेतला नाहीं. वडिलांनीं त्यांना वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक करून दिली होती, हें विसरतां कामा नये. तशी नेमणूक नसलेल्या स्त्रीनें त्यांचा कित्ता जसाच्या तसा गिरवूं पाहिला तर ती उपाशी मरेल.

परंतु मोबदल्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या थोर बाईंना काम खालीं ठेवतां येत नसे, आणि त्याची किंमत त्यांच्या जवळच्या माणसांनींहि दिली. त्यांचे परममित्र सिडनी हर्बर्ट मूत्रपिंडाच्या विकारानें खंगत चालले असतां बाईंचा तगादा थांबला नाहीं. १८६१ च्या ऑगस्टांत ते वारले. आर्थर ह्यू क्लफ हे नामांकित कवि त्यांच्या मामेबहिणीचे यजमान. ते बाईंचे कागद लावीत, पुडकीं बांधीत, निरोप पोंचवीत. तेहि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत गेले. जिनें आईसारखी शुश्रूषा केली ती मेआत्या आपल्या संसाराकडे परत गेली, तर तिच्यावर कित्येक वर्षें राग धरला गेला. या मृत्यूंचा दोष बाईंच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पण जो स्वतःला विसावा देत नाहीं त्याला दुसऱ्याचा विसावा आळसच वाटतो, हें त्यांच्या चरित्रांत स्वच्छ दिसतें. आणि गंमत अशी कीं, शुश्रूषेवरील त्यांच्या १८५९ च्या प्रसिद्ध पुस्तकांत किरकोळ व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा सारा रोख एवढाच आहे: तुम्ही हजर असतांना जें होतें, तें तुम्ही नसतांनाहि होईल अशी तजवीज करून ठेवा. स्वतंत्र धंदा करणाऱ्या परिचारिकेला याहून मोलाचा उपदेश कोणीं केला नसेल. लिहिणारीनें मात्र तो रोग्याच्या खोलीपुरता मानला, स्वतःच्या आयुष्यापुरता मानला नाहीं.

उतारवयांत त्या निवळल्या. साउथ स्ट्रीटवरील घरीं शाळेंतील तरुण परिचारिकांना एकएकटीला चहाला बोलवावें, कोणी थकलेली दिसली तर तिला फळें-फुलें पाठवावीं, असा क्रम पडला. सोबतीला मांजरें होतीं. त्यांतील एका धिप्पाड इराणी बोक्याचें नांव बिस्मार्क! कागदांवर शाईचे पंजे उमटले तरी या कडक बाई त्याला कांहीं म्हणत नसत.

त्यांच्या शेजारीं न्यूयॉर्कच्या लिलियन वॉल्डबाई उभ्या केल्या म्हणजे दुसरा मार्ग दिसतो. १८६७ चा जन्म; १८९१ सालीं न्यूयॉर्क रुग्णालयाच्या शाळेंतून त्या परिचारिका होऊन बाहेर पडल्या. १८९३ मध्यें शहराच्या पूर्वेकडील दाट वस्तींत परदेशांतून आलेल्या गरीब स्त्रियांना त्या घरगुती शुश्रूषा शिकवीत होत्या. एके दिवशीं एक लहान मुलगी आली आणि त्यांना आपल्या आईकडे घेऊन गेली. आई बाळंतीण, खोली घाण, जिना मोडका. त्या दिवसानंतर वॉल्डबाईंनीं रुग्णालयाचा आणि वैद्यकीय शाळेचा विचार सोडला, आणि मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीसह त्या त्याच वस्तींत राहावयास गेल्या. १८९५ पासून त्यांचें ठाणें हेन्री स्ट्रीटवर पडलें. कोणत्याहि धर्मसंस्थेच्या किंवा एकाच डॉक्टरच्या हुकमतीखालीं नसलेल्या परिचारिका तेथून घरोघर जात. ज्याला शक्य तो थोडी फी देई. नसेल तो देत नसे. फी अल्प असली तरी ती घेण्याचा बाईंचा आग्रह होता, कारण पैसे देणाऱ्याला आपण भिकारी आहों असें वाटत नाहीं.

सल्ला देण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. शाळांतून मुलांना डोळ्यांच्या आणि त्वचेच्या रोगांसाठीं घरीं पाठवीत, आणि मुलें परत येतच नसत. बाईंनीं यावर लांब निबंध लिहिला नाहीं. १९०२ सालीं त्यांनीं लीना रॉजर्स ही आपल्याकडील परिचारिका एक महिन्यापुरती चार शाळांना दिली. महिन्याभरांत फरक एवढा स्पष्ट दिसला कीं शहरानें शाळांकरितां परिचारिका नेमण्यास आरंभ केला. १९०९ मध्यें मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा-कंपनीला त्यांनीं पटवून दिलें कीं विमेदार आजारी पडल्यावर घरीं परिचारिका पाठविणें हें कंपनीच्याच हिताचें आहे. कंपनीची ती सेवा १९५३ पर्यंत चालली. बालकांच्या हितासाठीं सरकारचें स्वतंत्र खातें असावें ही कल्पनाहि त्यांचीच, आणि १९१२ सालीं तें खातें निघालें.

एवढा व्याप असून या बाई आनंदी होत्या, असें त्यांना ओळखणाऱ्यांनीं एकमुखानें सांगितलें आहे. त्याचें कारण स्वभावांत थोडें आणि व्यवस्थेंत पुष्कळ. परिचारिका एकत्र राहत, एकत्र जेवत. दिवसभर जिन्यांवर आणि गच्च्यांवरून फिरून आल्यावर जेवणाच्या टेबलाशीं दिवसाची हकीकत बोलली जाई. घराच्या मागें अंगण होतें. तेथें मुलांसाठीं झोंके आणि वाळूचे ढीग आले, आणि न्यूयॉर्कमधील अगदीं पहिल्या क्रीडांगणांत त्याची गणना झाली. १९१५ सालीं तर त्या संस्थेचें नाटकगृहहि उभें राहिलें. रोग्यांच्या सेवेच्या संस्थेला नाटक कशाला, असें विचारणारे त्या वेळींहि असतीलच. कामाचा भार वाढला तशा त्यांनीं परिचारिका वाढविल्या. १९१३ च्या सुमारास त्यांची संख्या नव्वदांवर गेली होती. कनेक्टिकटमधील वेस्टपोर्ट येथें तळ्याकांठीं त्यांचें घर होतें. १९३३ सालीं प्रकृति बिघडल्यावर त्यांनीं कारभार दुसऱ्या बाईकडे सोंपविला आणि शेवटचीं वर्षें तेथें काढलीं. १९४० च्या सप्टेंबरांत त्या वारल्या. घर त्यांच्यानंतरहि चालू राहिलें.

आजच्या स्वतंत्र परिचारिकेला हेन्री स्ट्रीट उभारावयाचें नसतें. तिला एक टेबल आणि एक आयुष्य सांभाळावयाचें असतें. तरी ज्यांना हें साधलें आहे त्यांच्या रीतींत या दोन चरित्रांचें प्रतिबिंब पडलेलें दिसतें. त्या काम हातीं घेण्यापूर्वीं कांहीं रक्कम आगाऊ घेतात, म्हणजे वसुलीच्या विवंचनेंत रात्र जात नाहीं. आलेल्या पैशाचा एक भाग कराकरितां तत्काळ वेगळा काढतात, आणि दुसरा एक भाग रिकाम्या महिन्यांकरितां. हा दुसरा भाग जमेपर्यंत नाहीं म्हणण्याची ताकद येत नाहीं, म्हणून पहिल्या वर्षीं त्या रुग्णालयांतील कांहीं पाळ्या चालूच ठेवतात. कित्येकजणी पुढेंहि महिन्यांतून एक-दोन पाळ्या सोडीत नाहींत. त्यांत मिळकत थोडी असते. पण नवीं औषधें आणि नवीं यंत्रें हातांखालून जातात, आणि जिवंत माणसाच्या कपाळाला हात लागतो. नुसत्या कागदांवर जगणाऱ्या परिचारिकेचें ज्ञान पांच-सात वर्षांत शिळें होतें, हेंहि त्या जाणून असतात.

तासांचा हिशेब त्या लिहून ठेवतात तो वकिलासाठीं आणि स्वतःसाठींहि. मेंदूचा दाह झालेल्या मुलाचे कागद सलग सहा तास वाचले तर शेवटच्या दोन तासांत डोळे अक्षरें पाहतात, अर्थ पाहत नाहींत. आणि या धंद्यांत सुटलेली एक ओळ म्हणजे कोणाच्या तरी न्यायाचा घात होऊं शकतो. तेव्हां थकून केलेलें काम हें प्रामाणिक काम नव्हे, असा कठोर अर्थ त्या काढतात. टेबल असलेल्या खोलीचें दार बंद करण्याची वेळ ठरलेली असते. मौनाच्या ओझ्यावर मात्र एकटीला उपाय सांपडत नाहीं. त्यासाठीं तोच धंदा करणाऱ्या दोघी-तिघी महिन्यांतून एकदां एकत्र बसतात. नांवें, गांवें आणि तारखा बोलावयाच्या नाहींत. मनावर जें बसलें आहे तेवढेंच बोलावयाचें. पुष्कळ वेळां तेंहि न बोलतां नुसतें जेवण होतें.

महाराष्ट्रांतील शहरांतून कायद्याच्या कागदांचा हा धंदा अद्यापि फारसा दिसत नाहीं. येथें रुग्णालयांतून निवृत्त झालेल्या किंवा नोकरी सोडलेल्या परिचारिका घरोघर शुश्रूषेसाठीं बायका पुरविण्याची ब्यूरो चालवितात, आणि आजारी वृद्धाची व्यवस्था कशी लावावी, खाट कोणती घ्यावी, नळीनें अन्न कसें द्यावें, याचा सल्लाहि देतात. सल्ल्याचे पैसे मागावे तर मागणारीला संकोच आणि देणाऱ्याला नवल! ज्या घरीं डॉक्टरची फी हात न आंखडतां दिली जाते, त्याच घरीं तासभर बसून सारें समजावून देणाऱ्या या बाईला चहावर वाटेला लावतात. आणि रात्रपाळीची बाई आली नाहीं कीं टेलिफोन वाजतो तो हिच्याकडे. मग अकरा वाजलेले असोत कीं दोन. यावर कांहीं ठिकाणीं एक युक्ति निघाली आहे. एकाच भागांतील दोन ब्यूरो स्पर्धा बाजूस ठेवून रात्रीचे टेलिफोन वांटून घेतात: सोमवार-बुधवार-शुक्रवार एकीकडे, मंगळवार-गुरुवार-शनिवार दुसरीकडे, आणि रविवार आळीपाळीनें. जिची रात्र नसेल ती संध्याकाळीं सात वाजतां दुसरीला सर्व घरांची हकीकत सांगते: कोणत्या आजोबांना ताप आहे, कोणाची सून एकटी आहे, कोणत्या घरीं नवी बाई पाठविली आहे. मग टेलिफोनचा आवाज बंद करून ती नातवंडांना घेऊन बागेंत जाते.